शहात्तर आणि एकोणऐंशी

म्हाताऱ्या माणसाचे दुखणे आमच्याकडे दोन ठिकाणी तपासले जाते. एक दवाखान्याच्या आत, आणि दुसरे दवाखान्याच्या बाहेर, लिंबाखालच्या कट्ट्यावर, जिथे मुले, जावई, पुतणे आणि गावाहून जीप करून आलेली भावकी उभी असते. आत डॉक्टर फिल्म पाहतात, बाहेर माणसे वय पाहतात. लातूरला जा, बीडला जा, परभणीला जा, बाहेरच्या तपासणीचा निकाल बहुतेक वेळा आतल्या निकालाआधी लागतो आणि तो साधारण सारखाच असतो: आता वय झाले, कशाला हाल करायचे? या बोलण्यात निर्दयपणा नसतो, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यात माया असते, पैशाची धास्ती असते, कुणाच्या तरी शेवटच्या दिवसांत पाहिलेल्या नळ्या आणि सुया असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की वय हा हिशोबातला एक आकडा आहे आणि तो कोणत्या बाजूला मांडायचा, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याच्या, म्हणजे तिची भिंत कमजोर होऊन आलेल्या फुगवट्याच्या बाबतीत हाच आकडा एका माणसासाठी उपचाराच्या बाजूने बोलतो आणि दुसऱ्यासाठी उपचाराच्या विरुद्ध. आमच्या घरात थोड्याच काळाच्या अंतराने हे दोन्ही घडले, एकदा माझ्या आत्याच्या बाबतीत आणि नंतर माझ्या सासऱ्यांच्या. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे दोन्ही वेळा आकडे समजून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

आत्या औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तेव्हा ती ७६ वर्षांची होती. रक्तदाबाची गोळी चालू होती, गुडघे कुरकुरत होते, पण घरच्या दोन्ही म्हशींची धार तीच काढायची आणि डेअरीच्या वहीत लिटर, फॅट आणि रुपये यांचा मेळ तीच घालायची. थंडीच्या दिवसांत एका पहाटे धार काढता काढता तिचे डोके एका क्षणात इतके दुखू लागले की बादली बाजूला सारून ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. ‘डोकं फुटायलंय गं माय,’ एवढेच ती सुनेला म्हणाली आणि तिला भडाभडा उलटी झाली. जवळच्या एका दवाखान्यात रक्तदाब वाढलेला आढळला, पित्त चढल्याचे सांगण्यात आले, सलाईन आणि इंजेक्शन झाले आणि दुपारी तिला घरी आणले. म्हाताऱ्या बाईचे डोके दुखले की त्याला आपल्याकडे कारणांचा तोटा नसतो: पित्त, उपास, जागरण, थंडी. पण हळूहळू चढत जाणारे डोके आणि क्षणात शिगेला पोचणारे डोके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्त पसरले की डोकेदुखी अशी अचानक येते, सोबत उलटी होते, काही तासांत मान ताठ होते. अशा रक्तस्रावानंतर पहिल्या सहा तासांत केलेला चांगला सीटी स्कॅन तो जवळजवळ चुकवत नाही. जसजसा वेळ जातो तसतसे रक्त विरत जाते आणि ते दिसणे अवघड होत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेच्या लक्षात आले की आत्याची डावी पापणी वर जात नाही. ‘आत्याबाई, डोळा उघडा की,’ असे ती पुन्हा पुन्हा म्हणाली आणि शेवटी तिने स्वतःच बोटाने पापणी उचलून पाहिली. आतली बाहुली उजव्या डोळ्यातल्या बाहुलीपेक्षा मोठी झालेली होती. या सुनेचे शिक्षण दहावीपर्यंतचे आहे. पित्ताने पापणी पडत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर तिने घरातल्या चार पुरुषांशी वाद घातला आणि गाडी लातूरला काढायला लावली. तो वाद ती हरली असती तर हा लेख वेगळाच झाला असता.

लातूरच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी ज्या फटी काळ्या दिसायला हव्यात त्या पांढऱ्या दिसत होत्या. पांढरे म्हणजे ताजे रक्त. रंग टोचून पुन्हा स्कॅन केला तेव्हा मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीला जिथून मागच्या बाजूची जोडधमनी फुटते तिथे साधारण सहा मिलिमीटरचा फुगा दिसला. तोच फुटून रक्त सांडले होते. पापणी उचलणारी आणि बाहुली आकसणारी नस नेमकी त्याच्या शेजारून जाते. फुग्याचा दाब तिच्यावर पडला म्हणून पापणी पडली. लातूरकरांची अशा वेळची वाट ठरलेली असते, सोलापूर नाहीतर पुणे, जशी उदगीर-देगलूरकडची हैदराबाद आणि जालन्याची संभाजीनगर. सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून सोलापूर ठरले. हे अंतर साधे नसते, कारण फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो आणि दुसऱ्यांदा फुटलेल्यांपैकी फार थोडे वाचतात.

तिथल्या डॉक्टरांनी आत्याचे वय विचारले, पण त्याआधी ती परवापर्यंत काय काय करत होती ते विचारले. आतेभावाला हा प्रश्न नीट कळला नाही. तो म्हणाला, काही नाही, घरीच असते. सून मागून म्हणाली, दोन म्हशींची धार काढतात, डेअरीचा हिशोब ठेवतात, एकादशीला गावच्या मंदिरात चालत जातात. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले. नंतर त्यांनी समजावले की अशा रक्तस्रावात वय वाढते तशी परिणामांची बाजू बिघडत जाते हे खरेच आहे; पण रुग्ण रुग्णालयात कोणत्या अवस्थेत पोचला आणि त्याआधी त्याचे चालणे-बोलणे-वावरणे कसे होते, यांचेही वजन तितकेच मोठे असते. आत्या झोपाळली होती, पण हाक मारली की ओ देत होती, हात-पाय हलवत होती. दोन वर्षे अंथरुणाला खिळलेला आणि आता पूर्ण बेशुद्ध असलेला ७६ वर्षांचा माणूस वेगळा, आणि ही बाई वेगळी.

बाहेर मात्र चर्चा वयाचीच चालली होती. माझ्या एका चुलतभावाचे म्हणणे होते की ७६ व्या वर्षी डोके उघडणे म्हणजे छळ आहे. डोके उघडायचेच नाही, मांडीतून तार टाकून आतून फुगा बंद करायचा आहे, हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, मग तर अजूनच अवघड, मांडीतून डोक्यात कसे पोचणार?

हा प्रश्न मला आवडला, कारण वैद्यकालाही त्याचे उत्तर शोधायला साठ-पासष्ट वर्षे लागली. १९२७ साली लिस्बनमध्ये एगाश मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या प्रथम एक्स-रेवर दाखवल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३७ साली, बाल्टिमोरमध्ये वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चांदीची बारीक क्लिप बसवली. तो रुग्ण ४३ वर्षांचा होता, त्याची पापणी पडलेली होती आणि त्याचा फुगा आत्याच्या फुग्याच्याच जागी होता. पुढची कित्येक दशके इलाज म्हणजे कवटी उघडणे हाच होता. १९७० च्या दशकात मॉस्कोत फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी नळीच्या टोकावरून आत सोडून देता येणारे छोटे बलून वापरले. आणि १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये ग्विडो गुल्येल्मी यांच्या चमूने प्लॅटिनमची मऊ तार फुग्यात भरून, तारेच्या मागच्या सांध्यात सौम्य वीज सोडून तो सांधा विरघळवला आणि तार आतच सोडून दिली. हीच कॉइल. अमेरिकेत तिला १९९५ साली सर्वसाधारण वापराची परवानगी मिळाली.

आत्यालाही कॉइलच भरायचे ठरले. काम संपल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघा-तिघांना पडद्यावर चित्रण दाखवले. महाधमनीची कमान दिसत होती आणि ती पुस्तकातल्या चित्रासारखी गोल अजिबात नव्हती. वयाबरोबर महाधमनी लांबते, कमान ताणली जाते आणि मानेकडे जाणाऱ्या फांद्या तिच्या उतारावरून तीव्र कोनात निघू लागतात. वर जाऊ पाहणारी नळी पुन्हा पुन्हा घसरून छातीत परत येते. चित्रणात तसे होताना दिसत होते. नळी वळणाशी जाई, अडे, खाली पडे. तरुण माणसात ज्याला काही मिनिटे लागतात त्याला इथे बराच वेळ गेला होता. डॉक्टर म्हणाले की वृद्धांमध्ये खरी परीक्षा फुग्यात नसते, तिथवर पोचण्यात असते. धमन्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर साचलेले असतात, त्यांतला कण सुटून वर गेला तर लकवा होऊ शकतो. रंगामुळे आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. मांडीतली धमनी कडक असल्याने तिथे रक्त साकळू शकते, म्हणून आता काही जण मनगटातून जातात. मग नळी एकदाची सरळ झाली, तिच्यातून एक मिलिमीटरहून बारीक दुसरी नळी पुढे सरकली आणि फुग्याच्या तोंडाशी थांबली. काळी रेघ आत शिरली, भिंतीला लागून वळली, पुन्हा वळली, तिचे कडे झाले. पहिल्या कॉइलने आकार धरला, नंतरच्या लहान कॉइलींनी पोट भरले. शेवटच्या चित्रात रंग सोडल्यावर धमनी भरून पुढे गेली आणि फुग्याची जागा कोरीच राहिली. मी एवढा वेळ श्वास रोखून पाहत होते, आणि आतेभाऊ मात्र प्रत्येक कॉइलला किती पडले असतील ते मनात मोजत होता.

त्याचे मोजणे चुकीचे नव्हते. कॉइलींची किंमत नगावर लागते, एकेक नग हजारोंच्या घरातला असतो, आणि किती लागतील हे आत गेल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. सोयाबीन विकून झाले होते, तूर शेतात उभी होती, उरलेले उसने. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्न न पाहता आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण योजनेच्या यादीतले रुग्णालय आणि मेंदूचे हे काम करणारी कॅथलॅब, म्हणजे धमनीतून नळी घालून उपचार करण्याची खोली असलेले रुग्णालय एकच असेल असे नाही, आणि मध्यरात्री हे जुळवत बसायला वेळही नसतो. म्हाताऱ्यांची कार्डे ती धडधाकट असतानाच काढून ठेवावीत. आमच्याकडे मुलांचे आधार अद्ययावत असते आणि आजीच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून तिचे काम पुढच्या महिन्यावर गेलेले असते.

कवटी उघडून क्लिप की आतून कॉइल, या प्रश्नावरची सर्वांत मोठी चाचणी २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. फुगा फुटलेल्या २,१४३ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. एका वर्षानंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण क्लिपच्या गटात शंभरात सुमारे एकतीस होते आणि कॉइलच्या गटात सुमारे चोवीस. हे आकडे वाचून कुणीही म्हणेल की मग म्हाताऱ्यांना कॉइलच द्यावी, त्यांना कवटी उघडणे अजूनच जड. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने इथे थांबायला हवे. त्या २,१४३ रुग्णांत ६५ वर्षांचे आणि त्यावरचे फक्त २७८ होते, म्हणजे शंभरात तेरा. त्यांचा वेगळा हिशोब २००८ साली मांडला गेला तेव्हा वर्षानंतर स्वावलंबी असलेले कॉइलच्या गटात शंभरात साठ आणि क्लिपच्या गटात छप्पन्न निघाले. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पण जागेनुसार पाहिले तर चित्र दुभंगत होते: आत्याच्या फुग्याच्या परिसरातल्या फुग्यांत कॉइलची बाजू उजवी होती, तर मेंदूच्या कडेला जाणाऱ्या मधल्या धमनीवरच्या फुग्यांत क्लिपची. कवटी उघडलेल्या वृद्धांमध्ये आकडी येण्याचे प्रमाण मात्र कॉइलपेक्षा बरेच जास्त होते. शिवाय या चाचणीत घेतलेले वृद्ध हे दोन्ही उपचारांना योग्य ठरलेले, म्हणजे निवडून घेतलेले वृद्ध होते.

कॉइलच्या विरुद्ध एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. आत भरलेल्या कॉइली काळानुसार दबतात, फुग्याच्या मानेशी पुन्हा जागा होते आणि दुसऱ्यांदा उपचार करावा लागतो. त्याच चाचणीतल्या रुग्णांत नंतर पुन्हा उपचार लागलेले कॉइलच्या गटात शंभरात सुमारे सतरा होते, क्लिपच्या गटात चारच्या आत. चाळिशीतल्या बाईसाठी हा आकडा मोठा आहे, कारण तिच्यापुढे चाळीस वर्षे पडलेली आहेत. ७६ वर्षांच्या बाईसाठी तोच आकडा हलका होतो. तिला येते पंधरा दिवस आधी पार करायचे असतात. इथे वय पहिल्यांदा उपचाराच्या बाजूने, आणि त्यातही आतून केलेल्या उपचाराच्या बाजूने बोलले.

ते पंधरा दिवस वाईट गेले. बाहेरच्या लोकांना वाटते फुगा बंद झाला म्हणजे काम झाले. खरे तर चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत सांडलेल्या रक्तामुळे मेंदूतल्या धमन्या आकसतात आणि लकव्याचा धोका राहतो. त्यावर निमोडिपीन या औषधाची गोळी दर चार तासांनी, २१ दिवस, मध्यरात्रीही उठवून. रक्तातले सोडियम उतरले, तेव्हा आत्या चार दिवस भलतेच बोलू लागली. वारलेल्या मामांना हाक मारून वैरण टाकायला सांगायची, सलाईनची नळी ओढायची. पहिल्या रात्री मात्र ती पूर्ण शुद्धीवर होती आणि तिची एकच तक्रार होती. मांडीतून नळी काढल्यावर पाय काही तास सरळ ठेवायचा असतो. दर थोड्या वेळाने ती नर्सला विचारायची, ‘बाई, आता तरी पाय वाकवू का?’ डोक्यात प्लॅटिनम आहे याचे तिला काहीच नव्हते. उभ्या आयुष्यात एवढा वेळ पाय पसरून ती कधी पडली नव्हती.

घरी आल्यावर माझ्या मनात एक जुनाच व्यावसायिक किडा वळवळू लागला. या सगळ्या अभ्यासांत यश मोजायला एक पट्टी वापरतात, ० ते ६. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. दोनपर्यंत ‘स्वावलंबी’ धरतात: पूर्वीची सगळी कामे जमत नाहीत, पण स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळता येतात. आत्या कितीवर? तीन महिन्यांनी ती स्वतः अंघोळ करत होती, काठी घेऊन मंदिरापर्यंत जात होती, पापणी बरीचशी उचलली होती. कुठल्याही डॉक्टरने तिला दोन लिहिले असते. पण डेअरीची वही सुनेकडे गेली होती. लिटर आठवायचे, फॅट आठवायचा, गुणाकार मध्येच निसटायचा, आणि ती वही मिटून म्हणायची, तूच बघ बाई. एकट्याने राहणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेल्या पट्टीत ही वही बसत नाही. आमच्या एकत्र घरांत म्हाताऱ्या माणसाचे स्वयंपाक-पाणी दुसरे कुणीतरी करतच असते. त्याचा घरातला अधिकार मात्र अशाच एखाद्या वहीत, किल्लीत, हिशोबात असतो, आणि तो गेला तर त्याला स्वतःलाच पहिल्यांदा कळते. पुढच्या वर्षी वही अर्धी परत आली. आता लिटर आत्या लिहिते, रुपये सून लिहिते, आणि महिनाअखेर दोघींचे भांडण होते. मी त्या भांडणाला चांगला परिणाम मानते.

याच्यानंतर अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे, निवृत्त तलाठी, उदगीरला राहतात, वय ७९. न्हाणीतून बाहेर येताना त्यांना गरगरले आणि ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. घरात आत्याचे ताजे होते, त्यामुळे कुणी पित्ताचे नावही काढले नाही. थेट एमआरआय आणि सोबत रक्तवाहिन्यांचेही चित्र. गरगरणे कानातले निघाले आणि मान वळवण्याच्या व्यायामाने थांबले. पण अहवालात शेवटच्या ओळीत उजव्या मधल्या धमनीच्या फाट्यावर साडेचार मिलिमीटरचा, न फुटलेला फुगा लिहिलेला होता.

आणि मग कट्ट्यावरची तीच माणसे बरोबर उलटी बोलू लागली. आत्याच्या वेळी वय झाले म्हणणारे आता म्हणत होते, काढून टाका, असा बॉम्ब डोक्यात घेऊन कसे बसायचे? पुण्याच्या धाकट्या दिरांनी अहवाल व्हॉट्सॲपवर चौघा डॉक्टरांकडे पाठवला. आत्या बरी झाली होती, हाच सर्वांत मोठा युक्तिवाद होता. मला हे समजते. डोळ्यासमोर पाहिलेले एक उदाहरण हजार रुग्णांच्या तक्त्यावर मात करते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थी माना डोलावून परीक्षेत तेच करतात.

फुटलेला आणि न फुटलेला फुगा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रौढांमध्ये शंभरात तिघांच्या आसपास माणसांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि त्यांतल्या बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. धोका अजमावण्यासाठी २०१४ साली एक गुणतक्ता प्रसिद्ध झाला. त्यात कोणत्या देशातली लोकसंख्या, रक्तदाब, ७० च्या वरचे वय, फुग्याचा आकार, पूर्वी झालेला रक्तस्राव आणि जागा यांना गुण देतात. अण्णांचे गुण चार झाले: रक्तदाबाचा एक, वयाचा एक, मधल्या धमनीचे दोन. चार गुण म्हणजे पाच वर्षांत फुटण्याची शक्यता शंभरात एकाच्याही किंचित आत. एक गोष्ट इथे खटकते ती सांगितली पाहिजे: हा तक्ता युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमधल्या रुग्णांवरून केलेला आहे, त्यात भारतातला एकही अभ्यास नाही. उदगीरच्या तलाठ्याला तो जसाच्या तसा लावताना एवढी शंका मनात ठेवूनच लावावा लागतो.

दुसऱ्या बाजूला उपचाराचा धोका. न फुटलेल्या फुग्यावर आतून केलेल्या उपचारांत, जगभरच्या अनेक अभ्यासांचे एकत्र गणित केले तर, शंभरात सुमारे पाच जणांना काही ना काही गुंतागुंत होते; वय वाढते तशी ती वाढते. त्यात अण्णांचा फुगा मधल्या धमनीच्या फाट्यावर, रुंद तोंडाचा. तिथे कॉइल एकटी टिकत नाही, आधाराला स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळीदार नळी लागते, आणि स्टेंट म्हटला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने, म्हणजे न्हाणीत पुन्हा पडले तर डोक्यात रक्त साकळण्याची वेगळीच भीती. उपचाराचा धोका एकाच दिवशी, सगळाच्या सगळा पत्करावा लागतो. न करण्याचा धोका वर्षावर्षाला थोडा थोडा येतो. ४५ व्या वर्षी तोच फुगा सापडला असता तर पुढच्या तीस-पस्तीस वर्षांची बेरीज मोठी झाली असती आणि मी स्वतः म्हटले असते, करून घ्या. ७९ व्या वर्षी ती बेरीज होण्याइतकी वर्षेच पुढे नाहीत. हे वाक्य सासऱ्यांसमोर सुनेने कसे बोलायचे, याचा मी रात्रभर विचार केला.

बोलावे लागले नाही. अण्णांनी भिंग लावून अहवाल स्वतः वाचला होता आणि त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारले की हा फुगा कधीपासून असेल. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित बरीच वर्षे. तेव्हा अण्णा दिरांकडे वळून म्हणाले, ‘नोंद आज झाली रे. जमीन पहिल्यापासून तिथंच होती.’ चाळीस वर्षे सातबाऱ्यात काढलेल्या माणसाला आमच्या सगळ्यांच्या आधी कळले होते. मग त्यांनी आणखी एक विचारले, जे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते: उपचार न करता बसायचे ठरवले तर मी काय काय करायला हवे?

उत्तर साधे होते आणि अवघडही. रक्तदाबाची गोळी रोज. अण्णांचा शिरस्ता असा की बरे वाटले की गोळी बंद, आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा तोच आहे. फुग्यावर करता येण्याजोग्या इलाजांत ही गोळी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकवली जाणारी. बिडी त्यांनी पूर्वीच सोडलेली आहे. तिचा धूर घरातल्या इतर कुणाकडूनही नको, असे डॉक्टरांनी नातवाकडे पाहून सांगितले. ठरावीक काळाने एमआरआय, तोही रंग न टोचता होणारा, म्हणजे मूत्रपिंडाला त्रास नाही. फुगा वाढला किंवा आकार वेडावाकडा झाला तर हिशोब पुन्हा मांडायचा. आणि अचानक शिगेला पोचणारी डोकेदुखी झाली तर कुठेही न थांबता मोठ्या रुग्णालयात. ही शेवटची सूचना सासूबाईंनी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवली आहे.

पहिल्या वर्षीच्या एमआरआयमध्ये अण्णांचा फुगा होता तेवढाच होता. आत्याच्या तपासणीत कॉइलींच्या तळाशी, मानेजवळ थोडी जागा झालेली दिसली. डॉक्टरांनी ती मोजली आणि सध्या काही करायचे नाही असे ठरवले, त्यावर आत्याने पुन्हा पाय सरळ ठेवावा लागणार नाही ना, एवढे पक्के करून घेतले. धाकट्या दिरांचे समाधान अजून झालेले नाही. त्यांनी हैदराबादच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे, अण्णांची फाईल पुढच्या आठवड्यात तिकडे जाईल, आणि अण्णा म्हणतात फाईल जाऊ दे, मी येत नाही.